एक पत्ता मोठा

पहिला फोटो दैवाच्या चाकाचा.
स्विंडनमध्ये राहून ते शोधायला
लांब कशाला जायचं?
मोठ्या चौकात पाच छोटी वर्तुळं,
मधल्या भागात गाड्या उलट्या फिरतात,
आणि तरी जो तो आपापल्या घरी पोचतो.
बसच्या वरच्या मजल्यावरून काढला.
काचेवर माझा श्वास आलाय जरासा. राहू दिला.

उलटा टांगलेला माणूस म्हणजे आमचा विहंग,
बागेतल्या लोखंडी शिडीला गुडघ्यांनी लोंबकळणारा,
शर्ट तोंडावर, बेंबी उघडी.
"काढ ना लवकर, रक्त डोक्यात येतंय."
या पत्त्याचा अर्थ म्हणे : थांब, जग उलटं बघ.
तो बारा सेकंद थांबला.

सम्राज्ञीसाठी फिलोमिना, मडगावची.
वीस वर्षं गोदामात खोकी चढवून
आता भाड्याच्या वाफ्यात बसते,
मांडीवर भोपळा, नातवासारखा.
ती कोंकणीत, मी मालवणीत, मध्ये कुंपण.
"दांत दिसतात गो. राणी अशी हांसता?"
हांसता, म्हटलं.

सावंतवाडीला आमच्या मागच्या आळीत
गंजिफा रंगवायचे. गोल पत्ते, लाखेचा वास,
दहा अवतार दोरीवर वाळत.
इथले अवतार
टोपी ओढून बसथांब्यावर उभे असतात,
"माझा कशाला फोटो?" विचारतात,
आणि मग केस सारखे करतात.

मृत्यू सगळ्यात सोपा.
मी एक्स-रे विभागात कामाला,
दिवसाला चाळीस सांगाडे मला गुड मॉर्निंग म्हणतात.
पण दुसऱ्यांची हाडं घरी न्यायची नसतात.
म्हणून माझंच मनगट, जानेवारीत बर्फावर आपटलेलं,
आत सहा स्क्रू.
कुणीतरी दुरुस्त करून दिलेला मृत्यू.

छापताना गुलाबी शाई संपली.
न्यायापासून पुढचे सगळे पत्ते
शेवाळ धरल्यासारखे हिरवट.

नववा पत्ता बैराग्याचा.
तो क्लाइव्ह हॉब्डे, शेजारी,
बुधवारी रात्री कचऱ्याचा डबा ओढताना,
हातात टॉर्च, अंगात बायकांचा फुलाफुलांचा गाऊन.
माडीच्या खिडकीतून काढला मी, न विचारता.

चहाला आला तेव्हा जोड पुढे ठेवला.
पोपट नाही माझ्याकडे, म्हटलं,
तुम्हीच ओढा.
आणि नेमका नऊ.

बराच वेळ बघत राहिला.
मी बोलणी खायच्या तयारीत.
"जीनचा आहे हा गाऊन," म्हणाला.
"पाठीमागून असा दिसतो, माहीत नव्हतं."
मग बिस्किट बशीत ठेवून,
"नेऊ का?"

तेव्हापासून जोडात एकवीस.
कुणाच्याच भविष्यात एकांत येईना.
खात्यातल्या मुली खूश,
ग्राझिना मात्र म्हणाली,
तुझे पत्ते खोटं बोलायला लागलेत.

मार्चमध्ये दारातून एक पाकीट आत पडलं.
फोटोत मी.
पहाटेची पाळी, गाडीच्या काचेवरचं दव
बँकेच्या कार्डानं खरवडतेय,
दातात मोबाईल, त्याचा दिवा लावलेला,
अंगावर विहंगचं शाळेचं जॅकेट.
त्याच्या माडीच्या खिडकीतून, अर्थात न विचारता.
एका बाजूला त्याच्या पडद्याची कड.
मागे पेन्सिलीनं : फिट्टंफाट.

औषधांच्या दुकानातून छापून आणलेला,
दुकानाच्या मापाचा,
बाकीच्यांपेक्षा दोन बोटं मोठा.
कात्री घेतली.
कापायचा तर दिवा तरी जातो
नाहीतर पडदा.
ठेवून दिली कात्री.

आता पिसताना अडतो.
जोडाबाहेर डोकं काढून बसतो,
भविष्य सांगायच्या कामाचे उरले नाहीत हे पत्ते,
डोळे मिटले तरी बोटांना आधीच कळतं
बैरागी कुठे आहे.